ठळकपणा जरा कमी

महाप्याच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते. सोसायटीत "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागतं. खरं तर वाक्याच्या मधोमध आलेली कमांड कशी दिसावी, यावर लोकांशी भांडण्याचा मला पगार मिळतो.

वेबपानावर करडी चौकट, वेगळा फाँट, हवी ती चैन. आमचं मॅन्युअल उघडतं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या, नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत. तिथे वाट्याला येतं ठळक आणि अधोरेखित. जसंच्या तसं टाइप करायचं ते ठळक, वाचणाऱ्याने स्वतःचं घालायचं ते तिरकं. आणि टर्मिनलला तिरकं जमलं नाही, तर त्याखाली रेघ. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल 1971चं, तेव्हा पडदाच नव्हता, कागदावर छापणारा टेलिटाइप होता. ठळक हवं तर अक्षर छापा, एक घर मागे या, त्याच अक्षरावर तेच पुन्हा हाणा. ही खोड अजून जिवंत आहे. मधला प्रोग्रॅम अडाणी निघाला की NAME हा मथळा "एनएन-एए-एमएम-ईई" असा जोडीजोडीने येतो, आणि टेस्टिंगवाली विचारते, "अगं, तुझं मॅन्युअल तोतरं का बोलतंय?"

डेव्हलपर मंडळी मजकूर देतात मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवायच्या पद्धतीत, कमांड बॅकटिकमध्ये (` या उलट्या टिंबरेघेत) कोंडून. त्या चिन्हांसकट कॉपी करणारे महाभाग असतातच. शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेली कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बॅकटिकचा अर्थ "आतली कमांड चालव आणि तिचं उत्तर इथे ठेव" असा. शेल बिचारा आज्ञाधारक. आतली कमांड चालवतो, मग आलेलं उत्तरही कमांड समजून चालवायला जातो. पुढचा फोन मला.

पण खरा छळ आडव्या रेघेचा. वर्डमध्ये दोन डॅश टाइप केले की तो परस्पर त्यांची एक लांब, देखणी रेघ करतो. मॅन्युअलची मांडणी करणारा प्रोग्रॅम ग्रॉफ; त्याला साधा डॅश दिला तर तो छपाईतला हायफन समजतो. कमांडमधला हवा असेल तर आधी उलटा स्लॅश द्यायचा. दोन्ही दिसायला सारखे, पण पेस्ट केलं की प्रोग्रॅम म्हणतो, हे काय आणलंत? 2023च्या 1.23 आवृत्तीत ग्रॉफने हा सोवळेपणा आणखी कडक केला. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने आपल्यापुरता तो सैल ठेवला. त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर कमांड चालते, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघेही ठाणे-वाशी लोकलच्या एकाच डब्यात मला गाठून आपापला स्क्रीन दाखवतात. ऐरोली येईपर्यंत आवाज चढलेले, घणसोलीला उतरताना अबोला.

यंदा साहेबांच्या मते कमांड लाल हवी होती. कुणाच्या टर्मिनलचा रंग काय, कुणी लालच मागे लावला असेल तर, असं बरंच समजावल्यावर त्यांनी लालचा हट्ट सोडला. सगळे उलटे स्लॅश तपासून मी फाइल पाठवली. संध्याकाळी त्यांचा शेरा आला: "छान झालंय. फक्त ठळकपणा जरा तीसेक टक्के कमी करता येईल का?"