वारकऱ्यांचे पांढरे सदरे राखाडी का येतात?

नवा कॅमेरा घेतला त्या वर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघाली, तेव्हा मी पहाटेच दिवे घाटातल्या एका वळणावर जागा धरून बसलो होतो. दिवसभरात अकराशेहून अधिक फोटो काढले आणि रात्री घरी येऊन संगणकावर पाहिले, तर पांढरेशुभ्र सदरे, धोतरे, टोप्या असे सगळे चार दिवस न धुतल्यासारखे मळकट आले होते आणि टोप्यांखालचे चेहरे तर ओळखूही येत नव्हते. मी दोष लेन्सला दिला. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स कामाची नसते, असे चार जाणकारांनीही सांगितले, म्हणून हप्त्यांवर महागडी लेन्स घेतली आणि पुढच्या वर्षी त्याच वळणावरून मळकट सदरे अत्यंत सुस्पष्ट टिपले.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर सदरा आहे की कातळ, हे ठरवू शकत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे असणार, एवढे एकच गृहीतक धरून तो चालतो. फ्रेमभर पांढरे कपडे आणि वर ढगाळ असूनही उजळ असलेले पावसाळी आभाळ आले, की प्रकाश फार झाला असे मानून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो आणि पांढऱ्याचे राखाडी होते. काळ्या बसाल्टचे लेणे किंवा गडाचा बुरूज फ्रेमभर आला, की तो एक्स्पोजर वाढवतो आणि काळ्याचेही राखाडीच होते. आजचे कॅमेरे आणि मोबाइल चेहरे ओळखून पुष्कळ सावरून घेतात हे खरे, पण हजारो टोप्यांच्या गर्दीत त्यांचीही फसगत होते.

यावरचा उपाय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असतो आणि बहुतेकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो. अधिक-उणे अशी खूण असलेले ते बटण किंवा चकती म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. फ्रेममध्ये पांढरे जास्त असेल तर अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक, काळे जास्त असेल तर तेवढेच उणे, इथून सुरुवात करावी. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवले की बाजूला सूर्याचे चिन्ह येते, ते वर-खाली सरकवले की हेच काम होते. मात्र अधिक करताना हिस्टोग्रामकडे, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखाकडे, लक्ष हवे. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला, तर सदऱ्याच्या चुण्या पांढऱ्या डागात विरून जातात आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने त्या परत आणता येत नाहीत.

हे मला पालखीत नव्हे, तर घरी समजले. आमची मावशी मागच्या दारात ताट घेऊन तांदूळ निवडायला बसते. स्टीलचे चकचकीत ताट, त्यात पांढरे तांदूळ, तिची गडद हिरवी साडी आणि एका बाजूने येणारा दाराचा उजेड, असे प्रकाशमापकाला गोंधळात टाकणारे सगळे साहित्य एका जागी हजर होते. पंधरा दिवस मी रोज तेच दृश्य टिपले. पहिल्या दिवशी घरातला पिवळा दिवा चालू होता, त्यामुळे मावशीचा अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा आणि अर्धा निळसर आला. दिवा बंद केल्यावर रंग जागेवर आले. ती दाराकडे तोंड करून बसली, की चेहरा उजळ पण सपाट येई. दाराला खांदा करून बसली, की गालाची सुरकुती, बोटांचे पेर आणि ताटातला दाणा न दाणा वेगळा दिसे. उंबरठ्यापासून हातभर आत सरकली, तरी उजेड इतका उतरे की शटर मंदावून बोटे हलल्यासारखी येत. (‘अरे, तांदूळ संपले, आता काय खडे निवडत बसू?’ हा तिचा प्रश्न योग्यच होता.) छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने सहा महिने नवे काही विकत न घेता घरातले एक दार आणि एक माणूस निवडावे, असे माझे मत झाले ते इथे.

शटरबाबत एवढेच, की हलणाऱ्या फोटोला उपाय नाही आणि दाणेदार फोटोला आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती दाद देतो तो आकडा, वाढवला की फोटो दाणेदार होऊन खराब होतो, ही भीती आपल्याकडे फार खोल बसली आहे. तिच्यापायी पावसाळी अंधूक उजेडात लोक आयएसओ २०० वर अडून बसतात आणि १/३० सेकंदाने चालत्या माणसांचे फोटो काढतात. मी आयएसओ बेधडक ३२०० ठेवतो. हातातल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे: २०० मिलिमीटरच्या लेन्सला निदान १/२०० सेकंद, आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) लहान असेल तर १/३००. बेलवाडीच्या रिंगणात धावता अश्व जागच्या जागी थिजवायचा तर १/१००० लागतो. त्याच अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ने टिपला, तर मागची गर्दी रेघांसारखी ओढली जाते आणि वेग दिसतो. पण वीसांतला एखादाच फोटो साधतो, तेव्हा आधी रस्त्यावरच्या दुचाकींवर हात बसवून घ्यावा.

आणि अकराशे फोटो काढू नयेत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यानेही काम करीत, त्यात एका रोलवर १२ फोटो निघत. मी आता महिन्यातून एक रविवार बाराच फोटो काढतो आणि सायंकाळपर्यंत ते पाहत नाही. तेरावा मिळणार नाही हे माहीत असले, की बटण दाबण्याआधी माणूस दोन पावले बाजूला सरकून पाहतो, टोपीमागचे उजळ आभाळ टाळण्यासाठी कठड्यावर चढून खाली बघत कोन धरतो, मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवत नाही ना हे तपासतो. सलग क्लिक करत गेले, की यातले काहीही होत नाही. निवडही आठवड्यानंतर करावी; त्याच रात्री केली तर घाट चढताना झालेले श्रमच फोटोत दिसत राहतात.

आता या विद्येची दुसरी बाजू. गेल्या वर्षी दिवे घाटात अधिक एकवर काम केले, सदरे पांढरे आले, आणि त्या आनंदात दुसऱ्याच दिवशी मळवलीला उतरून भाजे लेण्यांत गेलो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या त्या चैत्यगृहात दुपारनंतर तिरपे ऊन शिरते, त्यासाठी दोन तास थांबलो आणि मोजून बारा फोटो काढले. घरी आल्यावर कळले, की कॉम्पेन्सेशन अधिक एकवरच राहिले होते आणि काळा कातळ राखेने घासल्यासारखा झाला होता. तेव्हापासून कॅमेरा पिशवीत ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आणायचा, असा नियम केला आहे. हे लिहिता लिहिता कॅमेरा उघडून पाहिला. काटा अधिक दोन-तृतीयांशावर होता.