साथ आली? आधी घंटेचा लोलक उतरवा

पुढची साथ येणार आहे, यात शंका नको. ती कसली, कुठून येईल हे शास्त्रज्ञ बघतील. तुम्ही, तुमच्या वाड्याने आणि तुमच्या पंचायतीने काय करायचं, तेवढं इथे सांगून ठेवतो. नवं काही शोधायला नको. गोव्याकडे या विषयातला चार शतकांहून जुना अनुभव आहे, आणि पोर्तुगीज जाताना तो इथेच ठेवून गेले.

सुरुवात १५४३ पासून करू. जुन्या गोव्यात मोडशीची, म्हणजे पटकीची, साथ आली. धडधाकट माणूस बघता बघता जायचा. दिवसभर प्रेतं पुरणं चालू आणि प्रत्येकामागे चर्चची घंटा. लोक धास्तावले. तेव्हा मार्तिम आफोन्सो द सौझा हे गव्हर्नर होते. त्यांनी काय केलं, ते गास्पार कोरैया या बखरकाराने लिहून ठेवलंय: मेलेल्यांसाठी घंटा वाजवायची नाही, असा हुकूम काढला. ना औषध, ना खाटा, ना निविदा. घंटा थांबली की साथ निम्मी आटोक्यात!

याच गव्हर्नरांकडून एक आगळीक मात्र घडली. रोग आहे तरी कसला, हे कळावं म्हणून त्यांनी एक प्रेत उघडून बघायला लावलं. आत पोट आकसलेलं दिसलं, बाकी काही सापडलं नाही. प्रशासनाला एवढं कुतूहल बरं नव्हे. तुम्ही तसलं काही करू नका. माणूस गेला की 'सहव्याधी' लिहा आणि फाईल पुढे सरकवा.

आता घंटा नाहीत, आकडे आहेत. लोलक त्यांचाही उतरवता येतो. तपासण्या कमी करा, रुग्ण आपोआप कमी होतात. एप्रिल २०२० मध्ये आपले कोविडचे सातच्या सात रुग्ण बरे झाले, राज्य हरित ठरलं आणि आपण एकमेकांना फुलांची चित्रं पाठवली. मे २०२१ मध्ये तपासलेल्या दर दोघांतला जवळजवळ एक बाधित निघायला लागला. ती फुलं कोणीच परत मागितली नाहीत, हा आपला मोठेपणा.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण यात आपला हातखंडा आहे. जुनं गोवं एकेकाळी पूर्वेची रोम म्हणून मिरवायचं. ते वसलं जांभ्यावर. जांभा हा चाळणीसारखा दगड: वर शोषखड्डा, खाली विहीर, मधे झिरपायला मोकळी वाट. पटकी आणि हिवताप पिढ्यानपिढ्या मुक्कामाला राहिले, शहर रिकामं होत गेलं आणि अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉयनी पणजीत आदिलशहाच्या वाड्यात बिऱ्हाड हलवलं. धडा सरळ आहे: गटार साफ करू नये, राजधानी हलवावी. आता डोंगरउतारावर जी नवी व्हिलांची रांग उभी राहते, तिचे सेप्टिक टँक खालच्या वाड्यातल्या विहिरींच्या अगदी डोक्यावर असतात. विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून तक्रार घेऊन गेलात, तर पंच येतील, कठड्यावर हात टेकून आत डोकावतील, ‘पाणी निवळ दिसता मरे’ म्हणतील आणि शहाळं पिऊन जातील. तुम्हीही वाद घालू नका. पाणी निवळ दिसतं, हे खरंच आहे.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने पटकीने मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. साथ ओसरल्यावर तो दांडा परत बसवण्यात आला. लोक स्नोचं कौतुक करतात. मला दांडा परत बसवणारे जवळचे वाटतात. साथ संपताच सगळं होतं तसं करून ठेवण्यात आपणही कुठे कमी पडत नाही.

गर्दीबद्दल अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा कित्ता गिरवा. इन्फ्लुएन्झा शहरात शिरलेला असताना २८ सप्टेंबर १९१८ ला युद्धकर्जाची मिरवणूक काढली, दोन लाख लोक जमले. तीन दिवसांत इस्पितळांच्या खाटा भरल्या. तिथल्याच सेंट लुईस शहराने गर्दी लवकर बंद केली आणि तिथे माणसं कमी मेली. पण मिरवणूक हुकली ना! पर्यटनाचा हंगाम, जत्रा, कार्निव्हल, निवडणूक यांपैकी काहीतरी आपल्याकडे बाराही महिने असतंच, त्यामुळे योग्य मुहूर्त शोधावा लागणार नाही.

रोग कोणी आणला, हे आधीच ठरवून टाका. भायल्यांनी, म्हणजे बाहेरच्यांनी. ते इथे फ्लॅट घ्यायला येतात तेव्हा गुंतवणूकदार असतात, विटा उचलायला येतात तेव्हा जंतू. त्यांना हुडकायला पोलीस धाडा. पुण्यात १८९७ च्या प्लेगात रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, आणि लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. लपलेला रुग्ण मोजावा लागत नाही, हा त्यातला फायदा.

औषध सगळ्यांना एकच द्या. मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, आजारी असो वा नसो, आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा आपल्याच राज्याने केली होती. जागतिक आरोग्य संघटना ‘नको’ म्हणत होती. म्हणेना का, ती काही गोव्याची मतदार नाही.

राहता राहिले डॉक्टर. साथ असेपर्यंत त्यांच्यासाठी थाळ्या वाजवा, ती संपली की पगार मागायला आल्यास गेटवर थांबवा. आणि फारच हुशार निघाला, तर गार्सिया द ओर्ताची आठवण ठेवा. या वैद्याने मोडशीची लक्षणं बारकाईने नोंदवली आणि १५६३ मध्ये इथेच गोव्यात आपला ग्रंथ छापला. मेल्यावर तो लपून ज्यू धर्म पाळत होता असं ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पुढे आपण पणजीत, चर्चजवळच्या बागेला त्याचं नाव दिलं. कधी जाऊन बसा, जागा छान आहे. फक्त पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला: डेंग्यूचे डास दिवसा चावतात, मलेरियाचे अंधार पडल्यावर, आणि त्यांच्या पाळ्या आपल्या आरोग्य केंद्रापेक्षा जास्त काटेकोर असतात.