जुन्या लाकडावरची नवी चकाकी
जुने कपाट किंवा मेज विकण्यापूर्वी त्यावर घाईघाईने पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक वार्निशचा, चकचकीत थर चढवण्याची विक्रेत्यांची सवय आता असह्य झाली आहे. मूळचे लाखेचे पॉलिश स्पिरिटने भिजवलेल्या बोळ्याने विरघळते, त्यामुळे खराब झाला असेल तेवढाच भाग नीट करता येतो. पॉलियुरेथेनचा थर मात्र स्पिरिटला दाद देत नाही, तो खरवडावा लागतो किंवा तीव्र रसायनाने फुगवून काढावा लागतो, आणि खाली व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर पॉलिशपेपरचे यंत्र जरा जास्त फिरले तरी तो पापुद्रा कायमचा जातो. शिवाय भेगांत भरलेली लांबी (पुट्टी), किड्यांची भोके, बदललेले पाय, सारे त्याच चकाकीखाली दडवलेले! जुनेपणाची किंमत घेता ना? मग ती वस्तू आहे तशी, धुळीसकट विका.