सल म्हणजे केवळ जस्ताची भूक नव्हे

विदर्भातील संत्रा बागायतदारांमध्ये शेंड्याकडून वाळणाऱ्या फांद्यांविषयी, म्हणजेच ‘सल’विषयी, सध्या एक संदेश हातोहात फिरत आहे: ‘फांद्या शेंड्याकडून वाळणे ही जस्ताची कमतरता आहे. बुरशी केवळ मेलेल्या लाकडावर येते. वाळले तेवढे तोडा, बांधावर टाका, खोडाला बोर्डो पेस्ट लावा, जस्त फवारा, सल थांबते.’ यातील एकही वाक्य निव्वळ थाप नाही, आणि म्हणूनच तो संदेश अधिक घातक आहे.

प्रथम जस्ताविषयी. चुनखडीयुक्त जमिनीत जस्ताची कमतरता खरोखरच आढळते. परंतु तिची खूण आधी कोवळ्या पानांवर दिसते. ही पाने लहान व अरुंद राहतात आणि शिरा हिरव्या असताना मधला भाग पिवळा पडतो. फ्लोरिडाच्या वालुकामय जमिनींत तांब्याच्या कमतरतेनेही संत्रावर्गीय झाडांचे शेंडे वाळत आणि मोरचूद (तांब्याचे सल्फेट) व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारणीने ती झाडे सावरत, हेही खरे आहे. मात्र तेथे बोर्डोतील तांबे झाडाची भूक भागवीत होते. एकाच बाजूची एखादी फांदी वाळत असेल आणि तिच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे बुरशीचे काळे ठिपके उठले असतील, तर जस्ताने काय साधणार?

बुरशी मेलेल्या लाकडावरच येते, हे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे. लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी आणि कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइड्स या बुरशी निरोगी दिसणाऱ्या फांदीतही कोणतेही लक्षण न दाखवता दीर्घकाळ राहू शकतात. झाड अशक्त झाले की त्या पसरतात. बहार धरण्यासाठी आपण पाणी तोडून दिलेला ताण प्रमाणाबाहेर गेला, किंवा भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजल्या, तर त्यांना आयतीच संधी मिळते. याच कारणाने प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना पूर्ण वाळलेली काडी न देता जिवंत आणि मृत भागाचा सांधा द्यावा लागतो. जुन्या वाळक्या लाकडावर नंतर आलेल्या इतर बुरशीच अधिक मिळतात आणि मूळ कारण त्यांच्याआड लपते.

‘वाळले तेवढे तोडा’ हा सल्लाही यामुळेच फसतो. वाळलेल्या भागाच्या खाली, वरून हिरव्या दिसणाऱ्या फांदीची साल चाकूने खरवडून पाहावी. आत तपकिरी पट्टा दिसला, तर बुरशी तेथवर पोहोचलेली असू शकते. वाळण्याच्या रेषेवर कात्री चालवणारा माणूस तिला झाडातच ठेवतो. म्हणून सल काढताना किमान इंच-दीड इंच हिरवा भाग सोबत घ्यावा आणि कापात तपकिरी रंग दिसल्यास आणखी खाली जावे. सिकेटर (छाटणीची कात्री) प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळून चालत नाही.

काढलेली सल बांधावर टाकणे म्हणजे बीजाणूंचा साठा बागेलगत करून ठेवणे होय. त्या काळ्या ठिपक्यांमधूनच पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू ताज्या कापांवर पोहोचतात. ती सल बागेबाहेर नेऊन नष्ट करावी.

राहिली बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची ही पेस्ट संरक्षक आहे. ती लाकडाच्या आत शिरत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला लावल्यास ती डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक वाहण्याचा रोग, घडवणाऱ्या फायटोफ्थोराला अटकाव करते, आणि ताज्या कापावर लावल्यास नव्या बीजाणूंना रोखते. मात्र फांदीच्या आत पसरलेल्या बुरशीला खोडावरच्या लेपाचा काहीच उपद्रव होत नाही. संपूर्ण झाड एकदम खंगत असेल, तर कात्री हाती घेण्यापूर्वी बुंध्याजवळची माती उकरून तंतुमुळ्या पाहाव्यात. त्यांची साल बोटांत सुटून येत असेल, तर दुखणे शेंड्यात नसून मुळाशी आहे आणि पहिले काम पाण्याचा निचरा करण्याचे आहे.