थेंब आणण्याआधी बाटली बघा

संध्याकाळी सहा-सात वाजले की दीड महिन्याचं, वरच्या दुधावरचं बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी ओढून किंचाळायला लागतं. घरात लगेच तीन मतं तयार असतात. आजी म्हणतात मुरडा आहे, मुरुडशेंग उगाळा. शेजारच्या काकू ग्राइप वॉटर सुचवतात. मेडिकलवाला पोटाचे थेंब पुढे करतो. बाटली मात्र कुणी हातात घेऊन बघत नाही, आणि निम्मी भानगड बहुतेक वेळा तिथेच असते.

आधी गुळणी आणि कळ वेगळी करा. गुळणी येते कारण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली स्नायूंची कडी अजून ढिली असते, बाळ दिवसभर आडवं असतं आणि पोटात नुसतं पातळ दूध. चौथ्या महिन्याच्या सुमारास ती सर्वांत जास्त असते, वर्षाच्या आत बहुतेक बाळांची थांबते. वजन वाढतंय, बाळ हसतंखेळतंय, तर हा प्रश्न दुपट्यांचा आहे, बाळाचा नाही. कळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याला शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात जे कुठलं औषध चालू असेल, त्याला गुण आल्याचं श्रेय मिळतं!

आता हिशोब. पहिल्या काही महिन्यांत दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली दूध पुरतं. ४ किलोचं बाळ म्हणजे ६०० मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५. घरोघरी त्याच बाळाला १२० ची बाटली संपवायला लावतात, वर ‘एवढंसंच राहिलंय’ म्हणून निपल पुन्हा तोंडात. मग उरलेलं खांद्यावर येतं. बाळाने मान फिरवली, जीभ बाहेर ढकलली की थांबायचं.

बाळाच्या दूध-पावडरीच्या बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा असं प्रमाण असतं. तरी डब्यावर वाचा, आणि एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात वापरू नका. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. ७५ पाजायचंय म्हणून अडीच चमचे अंदाजाने घालू नका. ९० मिली पाण्यात ३ चमचे करा, हवं तेवढं पाजा, उरलेलं फेकून द्या. चमचा शिगोशीग भरला तर शी घट्ट होते, पाणी वाढवलं तर बाळ उपाशी राहतं आणि त्यासाठीही रडतं. पाणी उकळलेलं आणि पावडर घालताना किमान ७० अंश सेल्सिअस गरम हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत त्याआधीच निवतं, तेव्हा थर्मास ठेवा. दूध मिसळताना बाटली जोरजोरात हलवली की फेस होतो, आणि तो फेस म्हणजे पोटात जाणारी हवाच. गोल फिरवून मिसळा. मग नळाखाली धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा.

निपल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बाटली उलटी धरली की सेकंदाला साधारण एक थेंब पडावा. धार लागत असेल तर भोक मोठं आहे. ‘ओढताना दमतं बिचारं’ म्हणून सुई तापवून भोक वाढवायची पद्धत अजून चालू आहे, ती कृपा करून थांबवा. बाळ घटाघटा गिळतं, हवा गिळतं, ठसका लागतो, आणि पाच मिनिटांत बाटली रिकामी. दूध पाजायला १५ ते २० मिनिटं लागायला हवीत. उलट निपल चोखताना आत चपटं होत असेल तर झाकण फार घट्ट लावलंय किंवा हवेची झडप नीट बसलेली नाही. झाकण किंचित सैल करून बघा.

पाजताना बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी, निपलच्या टोकात दूध राहील इतपतच कललेली. दर २०-३० मिलीला थांबा. ढेकर दोन-तीन मिनिटांत आली तर आली. पाठीवर धपाधप मारत बसण्यात अर्थ नाही. नंतर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. लगेच झोळीत घालू नका, पोट दुमडतं. लंगोटीची नाडीही सैलच हवी. नाशिकहून मुंबईला गाडीने निघाला असाल तर कसारा घाटाच्या तोंडाशी पाजू नका. इगतपुरीच्या आधीच थांबा, पाजा, अर्धा तास उभं धरा. आणि झोपवायचं उताणं, सपाट. गुळणी येते म्हणून पालथं घालणं किंवा राईची उशी मानेखाली सरकवणं, दोन्ही धोक्याचं.

औषधांबद्दल स्पष्टच बोलतो. ग्राइप वॉटरने कळ थांबते याला पुरावा नाही. गॅसवरच्या सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी, पण चाचण्यांत ते साध्या पाण्याच्या थेंबांइतकेच ठरले. पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन असलेले थेंब सहा महिन्यांखाली देऊच नका, बाळांचे श्वास अडकल्याच्या नोंदी आहेत. बाटलीवरचं बारीक नाव वाचा. मध वर्षाच्या आत नाही. बाळगुटीतलं जायफळ जास्त उगाळलं की बाळ शांत होतं, पण ते गुंगीने. सहाणही कितपत स्वच्छ असते हे आपल्याला ठाऊक आहे. पोटावर हिंगाचा लेप लावायचा आजींचा हट्ट असेल तर त्वचा लाल होत नाही ना, एवढं बघा. वावडिंगाचं पाणी मात्र नको. पोटातली जागा दुधाची आहे.

दर आठवड्याला डबा बदलणं हाही एक छंद झालाय. शीत रक्त किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ, अंगावर इसब, वजन अडकलेलं, असं असेल तर गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. त्यासाठी डॉक्टर खास पावडर दोन ते चार आठवडे देऊन बघतात. लॅक्टोज-फ्री (दुधातली साखर नसलेला) डबा किंवा शेळीचं दूध हा त्यावरचा उपाय नाही.

उलटी हिरवी झाली, कारंज्यासारखी दूर उडायला लागली, रक्त दिसलं, तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, टाळू फुगली किंवा दिवसभरात सूच्या लंगोट्या नेहमीपेक्षा खूप कमी झाल्या, तर थेंब आणि गुटी बाजूला ठेवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी बालरोगतज्ज्ञ गाठा, नाहीतर जिल्हा रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.

आणि हे सगळं नीट करूनही सातच्या ठोक्याला बाळ रडेल, कारण काही बाळं रडतातच. आळीपाळीने घ्या. दिवा मंद करा, छातीशी धरून फेऱ्या मारा. डोकं फिरायची वेळ आली तर बाळाला गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते. पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं गॅलरीत उभं राहून या.