‘नोस्फेरातू’मधला दिवस हा दिवस नव्हेच

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाविषयी पाच गोष्टी ‘उघड’ केल्याचा दावा करणारा एक व्हिडिओ सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या भाचीने तो पाहिला आणि चित्रपट अर्ध्यावरच बंद केला. ‘‘मावशी, उन्हाने मरणारा पिशाच भर दिवसा शवपेटी काखेत मारून गावातून चालतो. मग पुढे काय बघायचं?’’ असे तिने मला विचारले. चित्रपटकला शिकू पाहणाऱ्या मुलीने असल्या ऐकीव माहितीवरून या चित्रपटाकडे पाठ फिरवावी, हे मला मुकाट्याने सोसवत नाही.

तिने विचारलेला मुद्दाच सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. व्हिडिओ म्हणतो की चित्रपटातला पिशाच काउंट ऑर्लोक विस्बोर्ग शहरात शिरतो तेव्हा लख्ख उजेड दिसतो, अर्थात दिग्दर्शकाला आपल्याच कथेचा नियम लक्षात राहिला नाही. हे साफ चूक आहे. ‘नोस्फेरातू’ला आपण कृष्णधवल म्हणतो, परंतु १९२२ मध्ये तो प्रेक्षकांसमोर नुसता कृष्णधवल आलाच नव्हता. त्या काळी रात्री उघड्यावर चित्रण करणे अतिशय अवघड आणि खर्चिक होते, म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करत आणि प्रदर्शनाच्या प्रतीतला तेवढा भाग निळ्या रंगात बुडवत. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट, ही खूण तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावी लागत नसे. आपल्याकडे नाटकात रंगमंचावर निळा प्रकाश आला की प्रेक्षक रात्र झाली असे समजतो, तशीच ही रीत होती. पुढे या चित्रपटाच्या प्रतींवरून प्रती निघाल्या, त्या साध्या कृष्णधवल फिल्मवर. रंग गेला आणि त्याबरोबर रात्रही गेली. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक प्रती याच घराण्यातल्या आहेत, आणि व्हिडिओतली दृश्येही तिथूनच उचललेली दिसतात.

हा माझा तर्क नाही. जर्मनीतील मुर्नाऊ प्रतिष्ठानाने २००५-०६ मध्ये या चित्रपटाचे जे पुनरुज्जीवन केले, त्याचा मुख्य आधार पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट-संग्रहालयात जपलेली १९२२ सालची रंगवलेली प्रत हा होता. ती आवृत्ती पाहिली की शंका उरत नाही. निळ्या रंगातही भिंतींवरच्या उन्हाच्या सावल्या पुरत्या लपत नाहीत, एवढे मात्र मी मान्य करते. पण ती त्या तंत्राची मर्यादा आहे, कथेतली चूक नव्हे.

शिवाय चित्रपटाचा शेवटच पाहावा. पिशाचाला पहिल्या कोंबड्याच्या आरवण्याचा विसर पडेल इतका वेळ एखाद्या निष्पाप स्त्रीने त्याला स्वतःपाशी रोखून धरले तरच तो नष्ट होतो, हे चित्रपटाची नायिका एलेन ग्रंथात वाचते आणि स्वतःचा जीव देऊन ते घडवते. कोंबडा आरवतो, ऑर्लोक तिच्या उशापासून दचकून मान वर करतो, खिडकीसमोरून जाताना त्याच्यावर ऊन पडते आणि तो पाहता पाहता विरून जातो. जमिनीवर थोडा धूर तेवढा दिसतो. ज्या दिग्दर्शकाने अख्खा शेवट या एका नियमावर उभा केला, तोच मधल्या प्रसंगांत तो नियम विसरला, असे म्हणवते तरी कसे?

सूर्यप्रकाशाने पिशाच मरतो ही ‘प्राचीन लोकसमजूत’ असून चित्रपटाने ती फक्त उचलली, हा दुसरा दावा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरू शकतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते, आणि तो मरतो सुऱ्यांच्या वारांनी. उन्हात विरून जाणारा पिशाच पडद्यावर रुजवला तो याच चित्रपटाने.

ऑर्लोकची भूमिका करणारा माक्स श्रेक खराच पिशाच होता, या तिसऱ्या दाव्यावर शब्द खर्च करणेही जिवावर येते. श्रेक हा १८७९ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेला, नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकांत आणि म्युनिकच्या रंगभूमीवर काम केलेला व्यावसायिक नट होता. १९२४ मध्ये त्याने मुर्नाऊच्याच एका विनोदी चित्रपटात काम केले आणि १९३६ मध्ये त्याचे निधन झाले. आयुष्यभर कष्ट केलेल्या नटाचे श्रेय असे हिरावून घेणे मला संतापजनक वाटते.

मूकपट असल्यामुळे गोष्ट मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरच कळते, बाकी नुसते हातवारे, हा चौथा आक्षेप. आपल्या किल्ल्यात ऑर्लोक तिथे आलेल्या हुटरवर चाल करून येतो, त्याच वेळी दूर विस्बोर्गमध्ये हुटरची पत्नी एलेन झोपेतून उठून हात पुढे करते, आणि इकडे ऑर्लोक मान वळवून मागे फिरतो. त्या दोघांत कित्येक कोसांचे अंतर आहे, तरीही तिची हाक त्याच्यापर्यंत पोहोचली हे दोन दृश्ये एकापुढे एक जोडल्यानेच कळते. पुढे एलेन क्रूस रोवलेल्या समुद्रकिनाऱ्यावर वाट पाहत बसते. तिचा नवरा गेला आहे जमिनीच्या वाटेने. समुद्रावरून येतो आहे तो ऑर्लोक. पाटी म्हणते की ती आपल्या प्रियकरासाठी झुरते आहे, पण ती नेमकी कोणाची वाट पाहते आहे अशी शंका दृश्य पाहताना येतेच, आणि मला ही या चित्रपटातली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा वाटते.

कथा चोरलेली होती आणि म्हणून आज दिसतो तो चित्रपट बनावट आहे, हा पाचवा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो नाइलाजाने मान्य करावा लागतो. पात्रांची नावे बदलली असली तरी कथा स्टोकरचीच होती आणि त्यासाठी परवानगी घेतलेली नव्हती. त्याची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हिने दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तिची तक्रार न्याय्यच होती. पण त्यावरून ‘आज दिसतो तो चित्रपट बनावट आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. आदेशापूर्वीच प्रती परदेशांत पोहोचल्या होत्या आणि त्यांतल्या काही वाचल्या. पॅरिसची रंगवलेली प्रत त्यांपैकीच एक.