अॅडव्हान्स किती घ्यायचा, याआधी तो कशाचा हे ठरवा

फ्रीलान्स काम करणाऱ्यांमध्ये अॅडव्हान्सचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा टक्केवारीवर येऊन थांबते. ३० टक्के घ्यावेत की ५०? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. ती रक्कम नेमकी कशाची आहे हे करारात लिहिलेले नसेल, तर टक्केवारी कितीही असो, काम रद्द होताच वाद ठरलेलाच.

आगाऊ रक्कम दोन वेगवेगळ्या कारणांसाठी घेतली जाते. एक तर आपण त्या क्लायंटसाठी राखून ठेवलेल्या तारखांचा तो मोबदला असतो, कारण त्या तारखांना आलेली इतर कामे आपण नाकारलेली असतात आणि ऐनवेळी नकार आला तर तो वेळ दुसऱ्या कोणाला देता येत नाही. किंवा मग तो पुढच्या बिलातला पहिला हप्ता असतो. पहिल्या प्रकारची रक्कम परत न करण्यात काहीही गैर नाही. दुसऱ्या प्रकारची रक्कम, काम सुरूच झाले नसताना, स्वतःकडे ठेवून घेणे मला पटत नाही, आणि अनेक देशांचे कायदेही या दोहोंत फरक करतात. म्हणूनच इन्व्हॉइसच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अॅडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढेच छापून भागत नाही.

मी अशा आशयाचे कलम सुचवेन : ‘काम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत लेखी कळवून काम रद्द केल्यास आगाऊ रकमेतील निम्मी रक्कम परत केली जाईल. त्यानंतर रद्द केल्यास ती परत केली जाणार नाही. काम सुरू झाल्यावर रद्द केल्यास तोपर्यंतच्या कामाचे पैसे ठरलेल्या दराने द्यावे लागतील आणि आगाऊ रक्कम त्यातून वजा होईल.’ समारंभाचे छायाचित्रण करणाऱ्याला ही मुदत कमी वाटेल, अनुवादकाला कदाचित जास्त; पण तारीख जवळ येते तसे आपले नुकसान वाढते, हे तत्त्व दोघांनाही लागू आहे. रक्कम मात्र त्या नुकसानीच्या वाजवी अंदाजातच असावी. केवळ धाक बसावा म्हणून लावलेला भरमसाट दंड अनेक ठिकाणी न्यायालयात टिकत नाही.

सर्वांत जास्त त्रास स्पष्ट नकार देणाऱ्या क्लायंटचा होत नाही, गप्प बसणाऱ्याचा होतो. पहिला मसुदा पाठवलेला असतो, ‘बघून कळवतो’ असे उत्तर येते आणि मग आठवडेच्या आठवडे काहीच येत नाही. काम रद्द झालेले नसते, त्यामुळे रद्द करण्याचे कलम लागू होत नाही. काम पूर्णही झालेले नसते, त्यामुळे अंतिम बिल लावता येत नाही. आणि नेमके आपण दुसरे काम हाती घेतले की तो ‘परवापर्यंत द्या’ म्हणत परत येतो! यासाठी वेगळी तरतूद हवीच : इतके दिवस प्रतिसाद न आल्यास काम स्थगित समजले जाईल, झालेल्या भागाचे बिल लगेच दिले जाईल आणि पुन्हा सुरुवात करायची झाल्यास नवे वेळापत्रक ठरेल. तारीख पुढे ढकलणे किती वेळा चालेल, तेही याच कलमात लिहावे, नाहीतर रद्द करण्याची रक्कम चुकवण्यासाठी काम बेमुदत पुढे ढकलले जाते.

फाइल्स वापरण्याचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, हे एक वाक्य कधीही गाळू नये.

शिवाय आपल्याकडून काम रद्द झाले तर काय, हेही त्याच करारात त्याच स्पष्टपणे लिहिलेले असले पाहिजे. आजारपण असो वा अन्य अडचण, आपण माघार घेत असू तर न झालेल्या कामाचे पैसे ठरावीक दिवसांत परत करावेत, तारखांसाठी घेतलेली रक्कमही परत करावी, आणि ज्या भागाचे पैसे आपल्याला मिळाले आहेत तो भाग पुढच्या माणसाला वापरता येईल अशा स्थितीत क्लायंटच्या हवाली करावा. हे कलम क्लायंटने मागण्याची वाट न पाहता मसुद्यात आपणच घालावे.